दिवाळीच्या सुट्टीतलं लाल कुलूप

अक्का,

तू गेलीस हे मी पोरांना नऊ दिवस कळू दिलं नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं सांगताना मी स्वतःला थोडं थोडं वाचवत जाईन, हे मला माहीत आहे.

गावाकडून तुझ्या शेजारच्या गंगाधरचा फोन आला तेव्हा ऋतुजा आतल्या खोलीत निबंधाचे मुद्दे पाठ करत होती. दुसऱ्या दिवशी तिची दहावीची प्रिलिम सुरू व्हायची होती. "तात्या, अक्का गेल्या. अंगणात बसल्या होत्या, बसल्या जागीच." मी गॅलरीत गेलो आणि मागं दार ओढून घेतलं. अक्का, माझ्या मनात पहिल्यांदा तू आली नाहीस. पहिल्यांदा आलं ते हे, की उद्या मराठीचा पेपर आहे.

वंदनाला मी स्वयंपाकघरात नेऊन कानात सांगितलं.  तिच्या तोंडून आवाज निघणार तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला. समजूत काढायला नव्हे. आवाज आतल्या खोलीत जाऊ नये म्हणून.

पोरांना सांगितलं, नाशिकच्या कंपनीत मशीन बसवायला जातोय, दोन दिवसांनी येतो. सोहम म्हणाला, "येताना द्राक्षं आणा, पप्पा." तुला अग्नी देऊन परत येताना मी आमच्या चिखलीच्या चौकातून द्राक्षं घेतली आणि घरी आल्यावर ती स्वतः धुऊन ताटलीत ठेवली. आठवीतला पोरगा मिटक्या मारत म्हणाला, "नाशिकची म्हणून कळतातच."

तुला मूलबाळ नाही, भाऊजी जाऊन बारा वर्षं झाली, म्हणून अग्नी मीच दिला. न्हावी बसला होता. मी म्हणालो, केस राहू द्या. नानाकाका सगळ्यांसमोर बोलले, "अरे, आईवाणी सांभाळलं तिनं तुला. आन् केसाला जपायलास?" मी म्हणालो, पोरीची परीक्षा आहे. केसांचा आणि परीक्षेचा संबंध तिथं कुणालाच कळला नाही. मुंडण करून घरी गेलो असतो तर ऋतुजानं एका नजरेत ओळखलं असतं. मी मान खाली घालून उभा राहिलो. लोक मला काय समजले असतील ते समजोत. तू वरून बघत असशील तर काय समजली असशील, याचीच मला लाज वाटत होती.

मधेच संक्रांत आली. सुतकात तीळगूळ करायचा नसतो. पण केला नाही तर पोरं विचारतील, म्हणून वंदनानं केला. लाडू वळताना ती सारखी पदरानं डोळे पुसत होती आणि पोरांना सांगत होती की गुळाच्या पाकाची वाफ लागतेय. ऋतुजानं मला लाडू दिला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आत्याला फोन लावा ना. दिवाळीनंतर नीट बोलणंच नाही झालं." मी म्हणालो, "तिकडं रेंज नाही. आधी पेपर होऊ दे." ती म्हणाली, "दोन मिनिटं, पप्पा." मी म्हणालो, "ऋतुजा, उद्या बीजगणित आहे."

ती आत गेली. मी तो लाडू तोंडात धरून बसलो. गिळवेना आणि थुंकवेना.

पण हा खोटेपणा काही या नऊ दिवसांत सुरू झाला नाही. तो दिवाळीत सुरू झाला आणि तेव्हा तू घरातच होतीस.

तुला मी दिवाळीला बोलावलं ते खोटं बोलून. "अक्का, यंदा पोरांबरोबर दिवाळी कर," असं म्हणालो. खरं म्हणजे मला घरात एक मोठं माणूस हवं होतं. दिवाळीत सगळ्या चाकणला सुट्टी असते, तेव्हा आम्हा मेंटेनन्सवाल्यांना नसते. मशीन बंद असतात तेव्हाच ती उघडायची. वंदना दवाखान्यात नर्स, तिची ड्युटी तर सणालाच वाढते. आणि घरात दहावीची पोरगी, पहिल्या सत्रात गणितात निम्मेही मार्क नाहीत. हातात मोबाईल, खाली सोसायटीत मैत्रिणी, बरोबर एक वात्रट भाऊ. रोज महाळुंग्याला आमच्या कंपनीच्या गेटवर मी कंत्राटी पोरं बघतो. सात महिने झाले की बदलली, नवी आली. कुणाला कुणाचं नावही माहीत नसतं. त्या रांगेत मला ऋतुजा दिसायची. गाडी चालवताना दिसायची, जेवताना दिसायची.

मग मी ते कुलूप घरी आणलं.

पहिल्या दिवशी तुला मी ते किती कौतुकानं दाखवलं होतं! लाल रंगाचं, वर माझा फोटो लावलेला टॅग. "अक्का, मशीनच्या आत शिरायच्या आधी आम्ही मेन स्विच बंद करतो आणि त्यावर हे लावतो. चावी आपल्या खिशात. आपण आत असताना कुणी चुकून मशीन चालू करू नये म्हणून. मग मॅनेजर येऊ दे नाहीतर मालक येऊ दे, ज्यानं लावलं त्यानंच काढायचं."

तू ते उलटंसुलटं करून बघितलंस. "म्हंजी आतल्या माणसाचा जीव वाचावा म्हून?"

"हो."

"आन् ते तू आता आमच्या दाराला लावणार?"

"पोरं खाली पळतात गं."

तू कुलूप माझ्या हातात परत दिलंस. मग पिशवीतून पोरांसाठी आणलेला खाऊ काढायला लागलीस. मला वाटलं, तुला पटलं.

वंदनानं विचारलं होतं, "अक्का आहेत ना घरात, मग कुलूप कशाला?" मी म्हणालो, "अक्का आहे म्हणूनच. ती कुणाला नाही म्हणत नाही." ऋतुजानं विचारलं, "आणि आग लागली तर?" कंपनीत मी रोज सकाळी हात पुढं करून सुरक्षेची शपथ घेतो. नव्या पोरांना बाहेर पडायचे दरवाजे मीच दाखवतो. आणि पोटच्या पोरीला मी काय सांगितलं? "मला फोन कर, मी येतो." महाळुंग्याहून चिखली, मधे तळवड्याचं ट्रॅफिक. पाऊण तास. चावी एकच, आणि ती माझ्या पँटच्या खिशात. दुसरी चावी नाही, हे मी वंदनालाही सांगितलं नव्हतं.

सकाळी सहाला वंदना ड्युटीला निघाली की मी जाळीच्या दाराला कुलूप घालून जायचो; ती परतायची माझ्यानंतर. आत तुम्ही तिघं. हॉलच्या भिंतीवर मी तक्ता लावला होता, कंपनीत मशीनजवळ असतो तसाच. डावीकडं तास, मग काय व्हायला हवं, मग काय झालं. शेवटचा रकाना तुझा होता. दर तासाला पोरांजवळ जायचं, बघायचं आणि गोल काढायचा. अभ्यास झाला तर हिरवा, नाही झाला तर लाल. दोन स्केचपेन तुझ्या हातात दिली. चौथी शिकलेली तू, गुडघे दुखणारी तू. मी तुला इन्स्पेक्टर केलं. मला ते फार हुशारीचं वाटलं होतं.

तो दिवस मी किती वेळा आठवतो, सांगू? कौसाक्का भोसरीहून तुला भेटायला आली तो. तुझी लहानपणची मैत्रीण. मुलगा वर्कशॉपमध्ये लागला म्हणून इकडं आलेली. दोन बस बदलून, डबा घेऊन आली होती बिचारी. मी शिफ्ट संपवून चारच्या सुमाराला जिना चढलो, तर कौसाक्का लँडिंगवर फरशीवर बसलेली आणि जाळीच्या आत तू बसलेली. मधे माझं कुलूप. दाराखालच्या फटीतून तू बशीत चिवडा सरकवला होतास. ती जाळीतून एकेक शंकरपाळी आत देत होती आणि तू ती ओंजळीत घेत होतीस. दोघी हसत होतात. शेजारच्या बाई त्यांच्या दारात उभ्या होत्या, मला बघून आत गेल्या.

"आलास का रे, जेलरसाहेब?" कौसाक्का म्हणाली. "तुझ्या बहिणीनं काय चोरी केली म्हणायची? किती वर्साची झाली शिक्षा?"

मी म्हणालो, "कौसाक्का, पोरीचं दहावीचं वर्ष आहे."

"पोरीचं हाय ना? मंग ही म्हातारी कोणत्या वर्गात हाय?"

तू आतून म्हणालीस, "गप गं कौसे. चावी कंपनीत ऱ्हाते, त्याला तो काय करील?"

तू माझी बाजू घेतलीस, अक्का. तशा जागी बसून. मी कुलूप काढलं, दार उघडलं, म्हणालो, या आत, चहा घ्या. कौसाक्का भिंतीला धरून उठली. "आता नको बाबा. दोन तास झाले, गप्पा झाल्या. बस जाईल माझी." तिनं उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. तू बशी उचललीस आणि मोरीत नेऊन ठेवलीस.

तेव्हा मला शरम वाटली होती. खरंच वाटली होती. पण शरम वाटली की माझ्यासारखा माणूस माफी मागत नाही, चूक शोधायला लागतो. दुसऱ्याची. मी सरळ तक्त्यापाशी गेलो. सहा दिवसांचे सगळे गोल हिरवे. एकही लाल नाही. ऋतुजाला बोलावून दोन प्रश्न विचारले, तिला एकही आला नाही. सोहमला विचारायची गरजच नव्हती.

"अक्का, हे काय? न बघता हिरवे काढलेस?"

"बघूनच काढले. पोरगी पुस्तक घेऊन बसली होती."

"बसली होती म्हणजे अभ्यास केला का?"

"आता डोक्यात काय चाललंय ते मला कसं दिसायचं रे? मला दिसली ते बसलेली."

"कंपनीत असं न तपासता लिहिलं ना, तर माणसाला घरी पाठवतात."

हे मी बोललो. हेच शब्द. पोरांसमोर.

तू दोन्ही स्केचपेनांना टोपणं लावून ती माझ्या हातात दिलीस. मग म्हणालीस, "दिगू, लाल काढला की तू लेकरांवर वरडतोस. म्हून नाही काढला. तुझ्या कंपनीत काय असल ते असू दे." आणि मग सोहमकडं बघून हसत म्हणालीस, "चल रे, तुझ्या बापानं मला कामावरून काढलं."

पोरं हसली. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. तू सकाळी पिशवी भरून ठेवलीस. "गंगाधर एकलाच हाय, घर बघायला कोणी नाही." गंगाधर तुझा शेजारी, घर बघतच होता, हे तुलाही माहीत होतं आणि मलाही. वंदना म्हणाली, ओवाळून तरी जा. तू म्हणालीस, "गाडी नऊची हाय." मी तुला वल्लभनगरच्या स्टँडवर सोडलं. रस्ताभर तुझा हात माझ्या खांद्यावर होता, गाडीवर मागं बसताना तू नेहमी धरायचीस तसा. त्या सगळ्या वाटेत मला एक वाक्य बोलायचं होतं. "अक्का, राहा." दोनच शब्द. मी म्हणालो, "पोचल्यावर फोन कर."

तू केलास. "पोचले रे." बस.

त्यानंतर दर रविवारी फोन व्हायचा. तू ऋतुजाची तब्येत विचारायचीस, मी तिचे मार्क सांगायचो. आपलं भांडण त्या तक्त्यावर तसंच लटकत राहिलं, दोघांपैकी कुणीच ते खाली उतरवलं नाही. मी ठरवलं होतं, संक्रांतीला गावी येईन आणि बोलेन. माझ्यासारख्या माणसाचं सगळं कुठल्यातरी सणाला असतं.

अक्का, तुझ्याशी भांडताना मला एक गोष्ट विसरावी लागली होती. ती विसरल्याशिवाय तुझ्याशी भांडताच आलं नसतं. आई गेली तेव्हा मी नववीत होतो. सहामाहीचा पेपर सुरू होता. तू शाळेच्या दारात येऊन उभी राहिलीस. हेडमास्तर म्हणाले, अर्धा तास राहिलाय, पेपर होऊ दे, मग सांगू. वर्गातून मला तुझा आवाज ऐकू आला. "मास्तर, पेपर तुमचा हाय. आई त्याची हाय." तू वर्गात आलीस, माझ्या हातातला पेन काढून घेतलास, टोपण लावलंस, माझ्या खिशाला अडकवलास. आणि वाटेत सगळं सांगितलंस. काहीही न लपवता, माझा हात धरून. त्या पेपरात किती मार्क पडले, मला आठवत नाही. आईचं तोंड बघितलं, ते आठवतं. तूही तेव्हा विशीतच होतीस. तुला कुणी शिकवलं होतं हे?

आणि मी चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, मी नऊ दिवस हेडमास्तर झालो.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. ऋतुजा घरी आली, दप्तर टाकलं, म्हणाली, "संपली एकदाची. आता आत्याला फोन. आता कारण नाही सांगायचं." मी वंदनाकडं बघितलं. वंदनानं मान फिरवली. मी सांगितलं.

"कधी?" एवढंच विचारलं तिनं.

मी दिवस सांगितला. ती बोटांवर पेपर मागं मागं मोजत गेली. भूगोल, इतिहास, विज्ञान, भूमिती, बीजगणित, इंग्रजी, हिंदी, मराठी. बोटं थांबली. "मराठीच्या आदल्या दिवशी," ती म्हणाली. "म्हणजे मी तुम्हाला तीळगूळ दिला तेव्हा..."

सोहम म्हणाला, "मग तुम्ही नाशिकला नव्हता गेलात?"

मी ऋतुजाला म्हणालो, "बेटा, तुझं वर्ष वाया गेलं असतं."

ऋतुजा रडली नाही, ओरडली नाही. फार हळू म्हणाली, "प्रिलिम होती, पप्पा. शाळेची. नापास झाले असते तर काय झालं असतं? आत्या बघायला मिळाली असती."

ती आत गेली. दार लावलं नाही, उघडंच ठेवलं. पण चार दिवस त्या दारातून माझ्यासाठी एक शब्द आला नाही. ती टेबलाशी बसायची, पुस्तक उघडं असायचं, पान उलटलं जायचं नाही. तक्त्यावर लिहायला कुणी नव्हतं, आणि मला आता माहीत होतं की तिथं काहीही लिहिलं तरी ते खोटंच असणार. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती. तिला अभ्यास कर म्हणायची सोय राहिली नव्हती आणि करू नको म्हणायची हिंमत नव्हती. स्वतःच्या घरात मी पाहुण्यासारखा हॉलमध्ये बसून राहायचो. कंपनीत गेलो की बरं वाटायचं, आणि बरं वाटलं म्हणून परत वाईट वाटायचं. मला कुणाजवळ तरी बोलायचं होतं. आयुष्यभर असं काही झालं की मी ज्या माणसाला फोन लावायचो, ते माणूस तू होतीस.

पाचव्या दिवशी मी रजा टाकली. सुपरवायझर म्हणाला, "राव, पोरीची बोर्डाची परीक्षा तोंडावर आलीय, आणि आता तिला गावाला नेतोय?" मी म्हणालो, हो. ऋतुजाला सांगितलं, "पुस्तकं घ्यायची असली तर घे, नाहीतर नको घेऊ." तिनं घेतली नाहीत. आम्ही चौघं काल सकाळी निघालो.

तुझं घर गंगाधरनं झाडून ठेवलं होतं. तुझं नऊवारी दोरीवर वाळत घातलेलं तसंच होतं, कुणी काढलं नव्हतं. ऋतुजानं ते काढलं, घडी घालायला लागली आणि घडी घालता घालता तिथंच खाली बसली. त्या लुगड्यात तोंड खुपसून ती रडली. चौदा दिवसांचं रडली. सोहम तिच्या शेजारी जाऊन बसला, त्याला काय करावं सुचेना, तो तिची वेणी धरून बसून राहिला. वंदना हलली नाही. मी उंबऱ्यात उभा होतो. त्या क्षणी मला वाटलं, जाऊ दे, रडून मोकळी होईल, आता काही बोलायची गरज नाही. आजवर मी दर वेळी इथंच थांबलो होतो.

मी आत गेलो आणि त्या दोघांसमोर जमिनीवर बसलो.

"ऋतुजा," मी म्हणालो, "माझं चुकलं. सोहम, तुझ्याशीही मी खोटं बोललो. आत्याला शेवटचं बघायचा तुमचा हक्क होता, तिच्यासाठी रडायचा हक्क होता, तो मी काढून घेतला. भीती मला वाटत होती, आणि तिला मी तुमचा अभ्यास म्हणत राहिलो. आत्याशीही मी असाच वागलो. तिला थांब म्हणायला हवं होतं, ते मी म्हणालो नाही. तिची माफी मागायची राहून गेली, तुमची राहू द्यायची नाही. मला माफ करा."